साचेखात्यातला क्लोजअप

हॅरिएट सेल्विनला थॉर्नक्लफला जायचं नव्हतं. लँकाशायरमध्ये गिरणगावं काय कमी होती? पण दिग्दर्शक डेनिस लॅमला नेमकं थॉर्नक्लफच पसंत पडलं, कारण तिथली गिरणी अजून चालू होती आणि मालकाला सिनेमाची भलती हौस होती. हॅरिएटला हे गाडीत बसल्यावर कळलं. "तिथे फार थंडी असते म्हणे," एवढंच ती बोलली. त्यातलं 'म्हणे' तिने मुद्दाम घातलं होतं.

कारण ती जन्मली होती थॉर्नक्लफलाच. मे शोरॉक या विणकरणीची थोरली, हेटी. बाराव्या वर्षापासून अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी. सतराव्या वर्षी गावात एक फिरती नाटक कंपनी आली आणि हेटी तिच्याबरोबर निघून गेली. कंपनीच्या मॅनेजरने तिचं नाव बदललं आणि जाहिरातीत ठोकून दिलं की ही केंटमधल्या एका पाद्र्याची मुलगी. हेटीने मान डोलावली. पुढची चाळीस वर्षं, वर्तमानपत्रवाल्यांसमोर, मेजवान्यांत, दोन नवऱ्यांसमोरसुद्धा, ती मान डोलावतच राहिली.

नाव बदलायला एक दिवस पुरला, तोंड बदलायला दोन वर्षं लागली. गिरणीच्या साचेखात्यात शेकडो साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम धडधडतात तेव्हा कानाला तोंड लावून ओरडलं तरी काही ऐकू येत नाही. म्हणून तिथल्या बायका आवाजाच्या नादी लागतच नाहीत. नुसत्या ओठांनी बोलतात. तोंड मोठं करून, शब्दन्‌शब्द चघळून, पार पलीकडच्या भिंतीजवळच्या बाईशीसुद्धा. याला तिकडे मीमॉ म्हणतात. सवय इतकी हाडात शिरते, की कुणाची पाळी चुकली, कुणाच्या नवऱ्याने हात उगारला, असल्या गोष्टी त्या गल्लीतही ओठांवरच बोलतात. आई बोलते आणि आवाज येत नाही, यात हेटीला लहानपणी काही नवल वाटलं नव्हतं. लंडनच्या उच्चार शिकवणाऱ्या बाईंनी तिच्यासमोर आरसा धरला आणि म्हणाल्या, "मुली, इतके ओठ धोबिणींचे हलतात." मग हेटीने ओठ आवरले. 'आय'ची 'आई' झाली, 'न्हाई'चं 'नाही' झालं, आणि चेहरा असा शांत झाला की समीक्षकांनी त्याला खानदानी म्हटलं.

त्या चेहऱ्यावर तिने नाव कमावलं. आधी रंगभूमी, मग पडदा. लॉर्डांच्या बायका, कर्नलच्या विधवा, दिवाणखान्यात चहा ओतता ओतता नवऱ्याचं लफडं ऐकून घेणाऱ्या गृहिणी. कप न सांडता दुःख गिळावं तर हॅरिएट सेल्विननेच, असं लोक म्हणत. आणि मग वारं फिरलं. रंगमंचावर दिवाणखान्याच्या जागी मोऱ्या आल्या, गंजिफ्रॉक आले, शिव्या आल्या. चहा ओतणारी बाई कुणालाच नको झाली. काही वर्षं ती रेडिओवर कुणाची ना कुणाची मावशी होऊन खोकत राहिली.

अशा वेळी डेनिसचा चित्रपट आला. गिरणगावातली आई, मुलगा कॅनडाला पळून जातो, एवढीच गोष्ट. डेनिस तिशीचा होता आणि त्याला वाटलं, ही भूमिका सेल्विनबाईंना दिली तर वर्तमानपत्रं उड्या मारतील. झालंही तसंच. 'पाद्र्याची लेक साच्यावर' असे मथळे आले. तिचा एजंट सिरिल टॉफ्ट याने तिला आडवळण न घेता सांगितलं, "हे बघ राणी, हा सिनेमा पडला तर तुझं दुकान बंद. आणि यातली गंमत सगळी पाद्र्यात आहे. गिरणीतल्या बाईने गिरणीतली बाई केली, तर त्यात कसलं कौतुक?" त्याला खरं काहीच माहीत नव्हतं, बिचाऱ्याला. त्याने सहज म्हटलं आणि हॅरिएटची झोप उडाली.

कारण थॉर्नक्लफला अ‍ॅगी होती. दोन वर्षांनी धाकटी बहीण, लग्न न केलेली, अजून त्याच गिरणीत. तिने एक शब्द उच्चारला असता तर सगळा डोलारा खाली आला असता. आणि तिला तसं करायला कारणही होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी तिची तार आली होती: आय जाते आहे, ये. त्या रात्री हॅरिएटच्या नव्या नाटकाचा लंडनमध्ये पहिला प्रयोग होता. बदली नटी तयार होती. तिला उभं केलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं. हॅरिएट गेली नाही. नंतर तिने फुलांचं मोठं चक्र पाठवलं आणि खाली 'एच. सेल्विन' असं लिहिलं. आपल्या आईच्या शवपेटीवर आपलं खोटं नाव ठेवणारी बाई कशी असेल, याचा तिने पुढे कधी विचार केला नाही, असं मात्र म्हणता येणार नाही.

पहिल्याच सकाळी गिरणीच्या जॉबरने, म्हणजे साचेखात्याच्या मुकादमाने, एका बाईला पुढे केलं. कामाचे धडे द्यायला सगळ्यात जुनी विणकरीण हवी, असं डेनिसने सांगितलं होतं. "ही अ‍ॅगी शोरॉक," जॉबर म्हणाला, "हिच्याइतकं साच्यातलं कुणाला कळत न्हाई."  समोर अंगाने सुकलेली, पांढऱ्या केसांवर जाळी बांधलेली, आईचंच नाक असलेली बाई उभी होती. अ‍ॅगीने हात एप्रनला पुसला आणि पुढे केला.

"कशा हाय, मिस सेल्विन? येताना तरास न्हाई ना झाला?"

चेहऱ्यावर काही नाही. ओळख नाही, राग नाही. हॅरिएटला वाटलं, सुटले. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं की हिने एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मग सुरू झाली ती शिकवणी. सख्खी बहीण बहिणीला शिकवत होती की तुटलेला धागा कसा सांधायचा, चालत्या साच्यापासून हात कुठे ठेवायचा. आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याच्या भोकाला ओठ लावून सूत बाहेर कसं ओढायचं हेही दाखवलं. त्याला तिथे धोट्याचा मुका म्हणतात आणि त्यापायी बायकांचे पुढचे दात किडतात. हॅरिएटने धोटा हातात घेतला, तोंडाला लावला, आणि पहिल्याच झटक्यात सूत बाहेर आलं. हात विसरले नव्हते. डेनिसने टाळी वाजवली. अ‍ॅगी त्या सुताकडे बघत म्हणाली, "लवकर शिकला, मिस. काहीकाहींना जन्म लागतो." आणि धोटा काढून घेतला.

साचे सुरू झाले की हॅरिएटला खरा घाम फुटे. आवाज इतका की लंडनची माणसं कानांत बोळे घालून फिरत. त्यांच्या लेखी तिथे नुसता गोंगाट होता. हॅरिएटच्या लेखी तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत बोलणं चाललेलं होतं, आणि ते तिच्याचबद्दल.

"मेची थोरली बग. पोस्टरात बरी दिसती, हितं पार वाळलीया."

"हातमोजं घालून आली व्हती सकाळी. हातमोजं!"

"आयची हनुवटी हाय तिला. चाल मात्र शिकवलेली."

बायका तिच्या तोंडावर बोलत होत्या, तिला वाचता येतं हे पक्कं ठाऊक असून. म्हणजे एकटी अ‍ॅगीच नव्हे, अख्खं साचेखातं ओळखून होतं. चाळीस वर्षं हे गाव तिचे सिनेमे बघत होतं, पाद्र्याची गोष्ट वाचत होतं आणि गप्प बसत होतं. हॅरिएटने आयुष्यभर जगाच्या डोळ्यांत धूळ फेकली असं समजून जी मिजास केली, ती या बायकांच्या मेहेरबानीवर चालली होती. तिला शरमेने गिळून टाकल्यासारखं झालं. पण तिने चेहरा हलू दिला नाही. ती जर वळून बघती, तर तिला मीमॉ येतं हे डेनिसला कळलं असतं.

एका दुपारी मँचेस्टरहून बातमीदार आला. त्याने अ‍ॅगीलाच गाठलं आणि विचारलं, बाईसाहेब कशा काय जमवतायत? हॅरिएट हातभर अंतरावर उभी होती, जीव मुठीत धरून. अ‍ॅगी हातातला धागा सांधून मोकळी झाली. मग म्हणाली, "बाई कष्टाळू हाय. पर कितीबी केलं तरी आमच्यातली न्हाई वाटत." बातमीदाराला ते वाक्य फार आवडलं. दुसऱ्या दिवशी छापूनही आलं, आणि सिरिलने लंडनहून फोन करून तिचं अभिनंदन केलं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत हॅरिएट अ‍ॅगीच्या मागे गेली. उपाहारगृहाच्या कोपऱ्यात अ‍ॅगी एकटी बटाटा भरलेली पेस्ट्री खात होती. हॅरिएटने हलकेच तिला नावाने हाक मारली. आवाज कितीतरी वर्षांत प्रथमच तिच्या ताब्यात नव्हता. अ‍ॅगीने वर बघितलं, तोंडातला घास संपवला. "तुमचा चहा गार होतोय, मिस. तिकडं मोठ्या मानसांच्या टेबलावर ठेवलाय," ती म्हणाली. आजूबाजूच्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यांना हसू आलं नव्हतं. कदाचित वाईट वाटलं असेल, पण कुणाचं, ते सांगता येत नाही.

शेवटच्या दिवशी डेनिसने आईचा क्लोजअप ठेवला. मुलगा निघून गेल्याची बातमी शेजारीण साच्यावर येऊन सांगते, त्यावर आईने म्हणायचं वाक्य असं होतं: "जायचं तर जा म्हणावं, पण तोंड दाखवून जायचं होतं." साचे चालू ठेवायचे होते, म्हणजे आवाजाची आशाच नव्हती. शब्द नंतर स्टुडिओत भरू, डेनिस म्हणाला. तुम्ही फक्त इथल्या बायकांसारखं ओठांनी बोला. आणि कॅमेऱ्याशेजारी कुणीतरी हवं, जिच्याकडे बघून तुम्ही बोलाल. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि सगळ्यात जवळची बाई दंडाला धरून उभी केली. ती अ‍ॅगी होती.

साचे सुरू झाले. जमीन थरथरायला लागली. डेनिसचा हात खाली आला. हॅरिएटने समोर बघितलं तर आईचं नाक, आईचे खांदे, आणि ते थंड, सभ्य डोळे, जे तिला इतके दिवस 'मिस' म्हणत होते. तिला वाक्य आठवत होतं. पाठांतर तिचं कधी चुकत नसे. पण तोंड उघडलं तेव्हा ते मोठं उघडलं, आरशाच्या आधीसारखं, आणि ओठांवर भलतंच आलं.

"अ‍ॅगी, आयनं माझं नाव घेतलं व्हतं का गं? जाताना? मी यायला पायजे व्हतं. मला ठाव हाय. सांग ना गं, घेतलं व्हतं का?"

अ‍ॅगी हलली नाही. तिच्या ओठांची एक कड थरथरली आणि तिने ती दाताखाली धरली. मग ती वळली आणि पाठ करून आपल्या साच्यावर वाकली. डेनिसने हात वर केला. साचे थांबले. त्या अचानक आलेल्या शांततेत लंडनची माणसं टाळ्या वाजवायला लागली, आणि साचेखात्यातली एकही बाई जागची हलली नाही.

लंडनला परतल्यावर आवाज भरायची वेळ आली तेव्हा हॅरिएटने तेवढं एक दृश्य आधी मागून घेतलं. तिचा बेत सोपा होता. मूळ वाक्य त्या ओठांवर कसंबसं बसवायचं आणि झाकून टाकायचं. पण डेनिस खुशीत होता. "शब्द नकोतच," तो म्हणाला. "नुसता साच्यांचा आवाज ठेवतो. तुमचे ओठ हलतायत आणि कुणाला काही कळत नाही, हेच तर तिचं दुःख आहे. हॅरिएट, तुम्ही आयुष्यात इतकं चांगलं काम केलेलं नाही." तिने दृश्य कापायला सांगितलं. आपण म्हातारी दिसतो असं कारण दिलं. तो हसला. खरं कारण सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं, तसा भला मुलगा होता. पण खरं कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. सिरिलचं वाक्य तिला आठवलं आणि ती हातमोजे चढवून निघाली.

चित्रपट चालला. चालला म्हणजे काय, लंडनच्या समीक्षकांनी त्या एका क्लोजअपवर रकाने भरले. मूक आक्रोश काय, शब्दांपलीकडचं काय. पाद्र्याच्या मुलीने गिरणीतल्या बाईचा आत्मा कसा पकडला, याचं नवल सगळ्यांनाच वाटत होतं. अमेरिकेहून विचारणा आली. सिरिल तिला दिवसातून दोनदा फोन करू लागला. आणि त्याच भरात त्याने परस्पर कबूल करून टाकलं की थॉर्नक्लफच्या एम्पायर थिएटरात खास खेळ होईल आणि मिस सेल्विन स्वतः हजर राहतील.

हॅरिएटने डोकं दुखतंय सांगितलं, घसा बसलाय सांगितलं. सिरिलने ऐकलं नाही.

एम्पायर खच्चून भरलं होतं. तिला नगराध्यक्षांच्या शेजारी पहिल्या रांगेत बसवलं. मागे अख्खी गिरणी होती, ठेवणीतल्या टोप्या आणि कोट घालून. हॅरिएटने वळून बघितलं नाही, पण ती क्लोजअपची वाट बघत होती. तो आला. पडद्यावर तिचं तोंड, भिंतीएवढं मोठं, उघडलं, आणि थिएटरभर साच्यांची धडधड झाली. लंडनमध्ये या ठिकाणी लोक रुमाल काढत. इथे कुणी रुमाल काढला नाही. इथे लोक वाचत होते. रांगेमागून रांग, बाल्कनीपर्यंत, म्हातारे पुरुषसुद्धा. दृश्य संपलं तरी कुणी खोकलं नाही. त्यानंतरचा सिनेमा तिथे कुणी बघितला असेल असं तिला वाटलं नाही.

दिवे लागले. टाळ्या झाल्या. नगराध्यक्ष गळ्यातली पदाची साखळी सावरत तिला मंचावर घेऊन गेले. भले गृहस्थ, बाहेरगावचे, दुकानदार. त्यांनी माईकवर तिचे आभार मानले आणि म्हणाले, "या सिनेमाच्या निमित्ताने आमच्या गावात मिस सेल्विन पहिल्यांदाच आल्या. आमचं थॉर्नक्लफ कसं वाटलं, ते त्यांच्याच तोंडून ऐकू या." आणि बाजूला झाले.

 इतकी माणसं एका शब्दाची वाट बघत असलेली हॅरिएटने कुठल्याच प्रयोगात बघितली नव्हती. तो शब्द तोंडाशी आला होता. तिला फक्त म्हणायचं होतं, पहिल्यांदा नाही. समोर सिरिल बसला होता, त्याच्या शेजारी वही उघडून तीन बातमीदार. तिने श्वास घेतला, आणि तिचा तो प्रसिद्ध, स्वच्छ, घोटलेला आवाज आपोआप बाहेर पडला. म्हणाला की इथल्या प्रेमळ माणसांनी तिला अगदी आपलंसं केलं, घरची आठवणच होऊ दिली नाही. ती हे बोलत होती आणि स्वतःच ऐकत होती, आणि तिला त्या आवाजाची किळस आली.

टाळ्या तरीही पडल्या. गाव सभ्य होतं. त्या कडकडाटात, मधल्या रांगेत, एक बाई उठून उभी राहिली. निळा कोट, डोक्यावर रुमाल. अ‍ॅगी टाळ्या वाजवत नव्हती. तिचे ओठ हलत होते, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसे.

"घेतलं व्हतं तुजं नाव. दोन दीस तेच घेत व्हती. हेटी आली का, हेटी आली का. शेवटी मी म्हनलं, आली गं आय, दारात हुबी हाय. मग ती दाराकडं बगत गेली."

टाळ्या चालूच होत्या. हॅरिएट माईकपासून मागे सरकली. सिरिल मंचाच्या पायऱ्या चढून वर आला होता, आनंदाने लाल झालेला. "ती बाई काय करतेय? काय म्हणतेय ती?" त्याने विचारलं.

"आमची अ‍ॅगी हाय ती," हॅरिएट म्हणाली. "माजी बहीन."

तिच्या कानांनाही तो आवाज अनोळखी होता, जाडाभरडा, चाळीस वर्षं न वापरलेला. सिरिलने डोळे विस्फारले आणि खो खो हसत सुटला. "वा, राणी. गिरणीवालीची बोली अजून जिभेवर आहे तर. उद्या त्या बातमीदारांना हेच असंच करून दाखव." आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

पण मधल्या रांगेतून अ‍ॅगीने ते वाचलं होतं. तिचे डोळे हॅरिएटच्या तोंडावरून हलले नव्हते. क्षणभर तिचा चेहरा पार उघडा पडला, सतराव्या वर्षी गेलेल्या बहिणीची वाट बघणाऱ्या पोरीचा.

तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं. खेळ संपला की ते वाजायचंच. सगळं थिएटर उठून ताठ झालं. नगराध्यक्ष छाती काढून उभे, सिरिल उभा, बातमीदार उभे. मंचावर मधोमध, दिव्यांखाली, मिस सेल्विन उभी, मान सरळ, हात बाजूला. अशा वेळी हलायचं नसतं, हे त्या देशात पोरासोरांनाही ठाऊक असतं. तिने खाली उतरायला पाहिजे होतं. पायऱ्या तीनच होत्या. पण ती उभी राहिली, आणि सगळे गात होते म्हणून तिनेही ओठ हलवले. फक्त ती गाणं म्हणत नव्हती.

"थांब," ती म्हणत होती. "अ‍ॅगी, थांब. मी येतीया खाली. थांब."

अ‍ॅगीने तेही वाचलं. तिने रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट केली, शेजारणीला जरा बाजूला व्हायला खुणावलं, आणि राणीचं गाणं चालू असतानाच रांगेतून बाहेर पडली. दारापाशी पोचल्यावर तिने एकदा मागे वळून बघितलं.

"आमी थांबलो व्हतो," तिचे ओठ म्हणाले, आणि ती गेली.